हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ

हर्मन लुडविग फर्डिनांड फॉन हेल्महोल्ट्झ (जन्म : ३१ ऑगस्ट १८२१, पोट्सडाम, मृत्यू : ८ सप्टेंबर १८९४, शार्लोटेनबुर्ग) हे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाची गणिती मांडणी, मज्जातंतूंतील संवेदनेच्या वेगाचे मापन, डोळ्याच्या आतील पडदा पाहण्याचे ऑफ्थॅल्मोस्कोप हे उपकरण आणि रंगदृष्टीचा त्रिवर्ण सिद्धान्त यांसाठी ते प्रसिद्ध आहेत. त्यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेला स्वरसंवेदनांवरील ग्रंथ हा आधुनिक संगीतविषयक ध्वनिशास्त्राचा पाया मानला जातो. माणसाचा कान काय ऐकू शकतो, काय ऐकू शकत नाही आणि न ऐकू येणाऱ्या कंपनांचा ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो का, या प्रश्नांचा पद्धतशीर विचार या ग्रंथामुळे सुरू झाला. मानवी श्रवणमर्यादेपलीकडील वारंवारता निर्माण करणाऱ्या ध्वनियंत्रणांमुळे संगीत अधिक चांगले ऐकू येते का, या आजच्या वादातही त्यांनी घालून दिलेल्या संकल्पनांचाच आधार घेतला जातो.

बालपण आणि शिक्षण

हेल्महोल्ट्झ यांचे वडील पोट्सडाम येथील माध्यमिक विद्यालयात शिक्षक होते. तत्त्वज्ञान आणि भाषा हे त्यांच्या आवडीचे विषय होते. हर्मन यांचा कल लहानपणापासून भौतिकशास्त्राकडे होता. परंतु त्या विषयाच्या शिक्षणाचा खर्च कुटुंबाला परवडण्यासारखा नव्हता. त्यामुळे १८३८ मध्ये त्यांनी बर्लिनच्या फ्रेडरिक विल्हेल्म वैद्यकीय-शल्यचिकित्सा संस्थेत प्रवेश घेतला. या संस्थेत सरकारी खर्चाने शिक्षण मिळत असे आणि त्याच्या मोबदल्यात विद्यार्थ्याला आठ वर्षे सैन्यात डॉक्टर म्हणून सेवा करावी लागे. बर्लिनला जाताना त्यांनी आपला पियानो सोबत नेला होता. संगीताचा हा नाद पुढे त्यांच्या संशोधनाचा विषय झाला.

बर्लिनमध्ये ते प्रख्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांचे विद्यार्थी झाले. सजीवांच्या क्रिया एखाद्या स्वतंत्र प्राणशक्तीमुळे चालतात, ही त्या काळी रूढ असलेली कल्पना म्युलर यांच्या तरुण शिष्यांना मान्य नव्हती. एमिल द्यु ब्वा-रेमों, एर्न्स्ट ब्रुके आणि हेल्महोल्ट्झ यांनी शरीराच्या क्रिया भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या नियमांनीच उलगडून दाखवण्याचा मार्ग धरला. हेल्महोल्ट्झ यांनी १८४२ मध्ये पदवी मिळवली आणि त्यानंतर पोट्सडामच्या लष्करी तुकडीत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले. तेथेच त्यांनी एक लहानशी प्रयोगशाळा उभारली होती.

प्रारंभीचे संशोधन

स्नायूंमध्ये निर्माण होणाऱ्या उष्णतेचा अभ्यास करताना हेल्महोल्ट्झ ऊर्जेच्या व्यापक प्रश्नाकडे वळले. जुलै १८४७ मध्ये त्यांनी बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे ऊर्जा अक्षय्यतेवरील निबंध वाचला. त्या काळच्या प्रमुख भौतिकशास्त्रीय नियतकालिकाने तो छापण्यास नकार दिला, म्हणून तो स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाला. रॉबर्ट मायर व जेम्स जूल यांनीही याच दिशेने काम केले होते; मात्र यांत्रिकी, उष्णता, वीज व चुंबकत्व या सर्व क्षेत्रांना लागू पडेल अशी गणिती मांडणी हे हेल्महोल्ट्झ यांचे योगदान होते.

अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या शिफारशीने १८४८ मध्ये त्यांची लष्करी सेवेतून मुदतीपूर्वी सुटका झाली. पुढच्या वर्षी ते क्योनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. येथे त्यांनी बेडकाच्या मज्जातंतूमधून जाणाऱ्या संवेदनेचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ध्वनीच्या हवेतील वेगापेक्षाही पुष्कळ कमी भरला. संवेदना तत्काळ पोहोचते, हा समज यामुळे मोडला. ज्ञानेंद्रियांचे व्यवहारही मोजता येतात, असा विश्वास त्यातून निर्माण झाला. १८५१ मध्ये त्यांनी ऑफ्थॅल्मोस्कोपचा शोध जाहीर केला. त्यामुळे जिवंत माणसाच्या डोळ्यातील दृष्टिपटल प्रथमच स्पष्ट पाहता येऊ लागले आणि नेत्रवैद्यकात क्रांती झाली.

१८५५ मध्ये ते बॉन विद्यापीठात शरीररचना व शरीरक्रिया या विषयांचे, तर १८५८ मध्ये हायडेलबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. दृष्टिविषयक त्यांचा मोठा ग्रंथ १८५६ ते १८६७ या काळात तीन भागांत प्रसिद्ध झाला. याच काळात त्यांचे श्रवणविषयक संशोधनही चालू होते.

ध्वनी आणि श्रवण यांवरील संशोधन

नादाची जाती

भारतीय संगीतशास्त्रात नादाचे लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती असे तीन गुणधर्म सांगितले जातात. लहानमोठेपणा कंपनांच्या आयामावर आणि उच्चनीचता वारंवारतेवर अवलंबून असते, हे हेल्महोल्ट्झ यांच्यापूर्वीच ज्ञात होते. मात्र एकाच उंचीचा स्वर व्हायोलिन, बासरी आणि मानवी कंठ यांतून वेगवेगळा का ऐकू येतो, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नव्हते. कोणतेही आवर्ती कंपन अनेक साध्या कंपनांच्या बेरजेने दाखवता येते, हे फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यांनी सिद्ध केले होते. कान नेमके असेच पृथक्करण करतो, असे मत गेओर्ग ओम यांनी १८४३ मध्ये मांडले. हेल्महोल्ट्झ यांनी ते प्रयोगांनी पडताळले.

यासाठी त्यांनी पोकळ गोलाकार अनुनादक वापरले. अशा गोलाला एका बाजूला मोठे छिद्र व दुसऱ्या बाजूला कानात बसेल असे निमुळते तोंड असते. प्रत्येक गोल आपल्या आकारमानानुसार एकाच ठरावीक स्वराला प्रतिसाद देतो. असे अनेक गोल एकामागून एक कानाला लावून हेल्महोल्ट्झ यांनी वाद्यांच्या स्वरांमधील उपस्वर वेगळे काढून ऐकले. ही उपकरणे आज हेल्महोल्ट्झ अनुनादक या नावाने ओळखली जातात.

पृथक्करण बरोबर असेल, तर घटक एकत्र करून मूळ स्वर पुन्हा निर्माण करता आला पाहिजे. त्यासाठी त्यांनी विद्युतचुंबकांनी सतत कंप पावणाऱ्या नादकाट्यांची मालिका तयार केली. या खर्चिक यंत्रासाठी बव्हेरियाचे राजे दुसरे मॅक्सिमिलियन यांनी आर्थिक साहाय्य दिले. निरनिराळ्या नादकाट्यांचा आवाज कमीअधिक करून त्यांनी मानवी स्वरांसारखे ध्वनी कृत्रिमरीत्या निर्माण केले. या यंत्राविषयीचे वर्णन अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या वाचनात आले, तेव्हा जर्मन भाषेच्या अपुऱ्या ज्ञानामुळे विजेच्या साहाय्याने स्वर तारेतून पाठवले गेले आहेत असा त्यांचा समज झाला. या गैरसमजाने त्यांच्या दूरध्वनीविषयक प्रयत्नांना चालना दिली.

श्रवणाचा अनुनाद सिद्धान्त

अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत लहान-लहान अनुनादकांची एक रांगच असते आणि प्रत्येक अनुनादक आपल्या स्वराला प्रतिसाद देऊन स्वतंत्र मज्जातंतूला उत्तेजित करतो, असा सिद्धान्त हेल्महोल्ट्झ यांनी मांडला. पियानोचे दट्टे वर उचलून त्याच्यासमोर गायले असता गायलेल्या स्वरांशी जुळणाऱ्याच तारा झंकारतात, त्याप्रमाणे कानात घडते, अशी त्यांची कल्पना होती. आरंभी त्यांनी हे काम कोर्टीच्या दंडांकडे सोपवले होते. पक्ष्यांच्या कानांत असे दंड नसतात हे आढळल्यावर आणि आधारपटलाची रुंदी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत जाते हे व्हिक्टर हेन्झेन यांनी दाखवल्यावर, हेल्महोल्ट्झ यांनी आपले मत बदलले व आधारपटलातील आडव्या तंतूंना अनुनादक मानले.

या सिद्धान्तातून श्रवणाच्या मर्यादेविषयी एक स्पष्ट निष्कर्ष निघतो. ज्या वारंवारतेसाठी कानात अनुनादक नाही, ती वारंवारता हवेत असली तरी स्वर म्हणून ऐकू येणार नाही. वाद्याच्या उपस्वरांची मालिका कितीही वर गेली, तरी कान जेथे थांबतो तेथे नादाच्या जातीतील तिचा वाटाही थांबतो.

श्रवणाची वरची मर्यादा

संगीतात उपयोगी पडणारे, ज्यांची उंची स्पष्ट ओळखता येते असे स्वर सेकंदाला सुमारे ४० ते ४,००० कंपनांच्या दरम्यान असतात, असे हेल्महोल्ट्झ यांनी नमूद केले. ऐकू येणाऱ्या ध्वनीची वरची सीमा मात्र त्यांनी सेकंदाला ३८,००० ते ४०,००० कंपनांच्या आसपास धरली. ही संख्या सेझार देप्रे व इतरांनी अतिशय लहान नादकाट्यांच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांवर आधारलेली होती. आज निरोगी तरुण माणसाची श्रवणमर्यादा २० ते २०,००० हर्ट्झ मानली जाते आणि वाढत्या वयाबरोबर वरची मर्यादा खाली येत जाते.

या तफावतीचे कारण उद्‌बोधक आहे. इतक्या उंच स्वरांची वारंवारता प्रत्यक्ष मोजण्याचे खात्रीशीर साधन त्या काळी नव्हते. नादकाट्यावर किंवा शिट्टीवर जो आकडा कोरलेला असे, तोच स्वर ऐकू आला असे गृहीत धरले जाई. अशा उंच स्वरांच्या साधनांची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने तपासणी झाली, तेव्हा त्यांतून निघणारे स्वर लिहिलेल्या आकड्यापेक्षा पुष्कळ खालचे असू शकतात असे दिसून आले. श्रोत्यांनी आवाज ऐकला होता हे खरे. परंतु तो ज्या वारंवारतेचा समजला गेला त्या वारंवारतेचा नव्हता.

संयोगस्वर

दोन मोठे स्वर एकाच वेळी वाजत असताना त्यांच्या वारंवारतांमधील फरकाइतक्या वारंवारतेचा तिसरा, खालचा स्वर ऐकू येतो. अठराव्या शतकात जर्मन ऑर्गनवादक गेओर्ग आंद्रेआस झोर्गे व इटालियन व्हायोलिनवादक जुझेप्पे तार्तिनी यांनी त्याची नोंद केली होती. हेल्महोल्ट्झ यांनी १८५६ मध्ये या विषयावर निबंध लिहिला. वारंवारतांच्या बेरजेइतका स्वरही निर्माण होतो, हे त्यांनी दाखवले. उदाहरणार्थ, २०० व ३०० हर्ट्झचे स्वर एकत्र वाजले तर १०० हर्ट्झचा फरकाचा आणि ५०० हर्ट्झचा बेरजेचा स्वर निर्माण होऊ शकतो.

हे स्वर विस्पंद जलद होऊन एकमेकांत मिसळल्याने निर्माण होतात, असे आधीचे स्पष्टीकरण होते. हेल्महोल्ट्झ यांनी वेगळे कारण दिले. कंपने मोठी झाली की कंप पावणारी वस्तू दाबाच्या प्रमाणात हलत नाही. तिचा प्रतिसाद वाकडा, म्हणजेच अरेषीय होतो, आणि अशा प्रतिसादातून मूळ ध्वनीत नसलेल्या वारंवारता उत्पन्न होतात. कानाचा पडदा आणि त्याला जोडलेली हाडे यांच्या असमान रचनेमुळे हे कानातच घडते, असे त्यांनी सांगितले. मात्र हार्मोनियम वा सायरनसारख्या साधनांत, जेथे दोन्ही स्वरांना एकाच भात्यातून हवा मिळते, तेथे संयोगस्वर कानाबाहेर, प्रत्यक्ष साधनातच निर्माण होतात, हेही त्यांनी अनुनादकांच्या साहाय्याने दाखवले. वाद्यात निर्माण झालेला स्वर अनुनादकाने पकडता येतो. कानात निर्माण झालेला तसा पकडता येत नाही. पॅरिसमधील ध्वनिउपकरणांचे निर्माते रुडॉल्फ क्योनिग यांनी या स्पष्टीकरणाला दीर्घकाळ विरोध केला.

स्वरसंवेदनांवरील ग्रंथ

हे सर्व संशोधन १८६३ मध्ये ‘डी लेहरे फॉन डेन टोनएम्पफिंडुंगेन’ या ग्रंथात एकत्र आले. स्वरांच्या सुसंवादाचे मूळ विस्पंदांच्या अभावात आहे, हे त्यातील मध्यवर्ती प्रतिपादन होय. दोन स्वरांचे उपस्वर एकमेकांच्या फार जवळ आले की विस्पंद निर्माण होऊन ध्वनी खरखरीत वाटतो. सेकंदाला सुमारे ३३ विस्पंद होतात तेव्हा हा खरखरीतपणा सर्वाधिक असतो, असे त्यांनी सांगितले. शुद्ध गुणोत्तरांवर आधारलेल्या स्वरांचा त्यांनी पुरस्कार केला आणि तशा स्वरांचा एक हार्मोनियमही तयार करवून घेतला. तरीही स्वरसप्तके केवळ निसर्गनियमांनी ठरत नाहीत, त्यांत त्या-त्या समाजाच्या सौंदर्यदृष्टीचाही वाटा असतो, असे त्यांचे स्पष्ट मत होते.

अलेक्झांडर एलिस यांनी या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८७५ मध्ये ‘ऑन द सेन्सेशन्स ऑफ टोन’ या नावाने प्रसिद्ध केला. भारतात हा ग्रंथ मुख्यतः या अनुवादातून पोहोचला.

बर्लिनमधील कारकीर्द

१८७१ मध्ये हेल्महोल्ट्झ बर्लिन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला देशातील भौतिकशास्त्राचे सर्वांत मानाचे पद मिळणे ही असामान्य घटना होती. येथे त्यांनी विद्युतगतिकी व ऊष्मागतिकी या विषयांवर संशोधन केले. हाइनरिश हर्ट्झ आणि विल्हेल्म वीन हे त्यांचे विद्यार्थी होते, तर माक्स प्लांक यांनी त्यांची व्याख्याने ऐकली होती. वारंवारतेच्या एककाला ज्यांचे नाव दिले गेले ते हर्ट्झ जानेवारी १८९४ मध्ये, गुरूच्या काही महिने आधी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी निधन पावले.

१८८३ मध्ये हेल्महोल्ट्झ यांना उमरावपद मिळाले व त्यांच्या नावापुढे ‘फॉन’ लागले. उद्योगपती व्हेर्नर फॉन सीमेन्स यांच्या पुढाकाराने शार्लोटेनबुर्ग येथे मापनशास्त्राची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १८८८ मध्ये हेल्महोल्ट्झ तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले.

कौटुंबिक जीवन आणि मृत्यू

हेल्महोल्ट्झ यांचा पहिला विवाह १८४९ मध्ये ओल्गा फॉन फेल्टेन यांच्याशी झाला. १८५९ मध्ये ओल्गा यांचे निधन झाले. १८६१ मध्ये त्यांनी आना फॉन मोल यांच्याशी विवाह केला. आना यांचे बर्लिनमधील घर शास्त्रज्ञ, कलावंत व राजकारणी यांच्या भेटीगाठींचे ठिकाण होते. त्यांची कन्या एलेन हिचा विवाह सीमेन्स यांचे पुत्र आर्नोल्ड यांच्याशी झाला. पुत्र रॉबर्ट हेही भौतिकशास्त्रज्ञ होते. परंतु १८८९ मध्ये त्यांचा अकाली मृत्यू झाला.

१८९३ मध्ये हेल्महोल्ट्झ शिकागो येथील जागतिक प्रदर्शनानिमित्त अमेरिकेला गेले. परतीच्या प्रवासात जहाजाच्या जिन्यावरून पडून त्यांना दुखापत झाली. त्यातून ते पूर्णपणे सावरले नाहीत. जुलै १८९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ८ सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले.

नंतरचे संशोधन

श्रवणाविषयीच्या हेल्महोल्ट्झ यांच्या सिद्धान्तात पुढे महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. आधारपटलावर सुटे अनुनादक नसून एक प्रवासी लहर पुढे सरकते आणि वारंवारतेनुसार वेगवेगळ्या ठिकाणी ती सर्वाधिक उंची गाठते, हे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक वारंवारतेला अंतर्कर्णात स्वतःचे स्थान असते, ही हेल्महोल्ट्झ यांची मूळ कल्पना मात्र टिकून राहिली. कानातील संयोगस्वरांचे मुख्य उगमस्थान मध्यकर्ण नसून अंतर्कर्ण आहे, हेही नंतर स्पष्ट झाले.

श्राव्यातीत ध्वनी आणि संगीतश्रवणाचा वाद

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचा ध्वनी पुन्हा निर्माण करता येत असल्याने त्याची वरची सीमा २२,०५० हर्ट्झ, म्हणजे मानवी श्रवणमर्यादेच्या किंचित वर येते. पुढे सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० नमुन्यांची ध्वनिमुद्रणे आणि त्यांना अनुरूप ध्वनिवर्धक व ध्वनिक्षेपक उपलब्ध झाले. झांजांसारख्या वाद्यांतून २०,००० हर्ट्झच्या पलीकडेही ऊर्जा बाहेर पडते, ही वस्तुस्थिती आहे. ती ऊर्जा पुन्हा निर्माण केल्याने श्रोत्याला लाभ होतो का, हा वादाचा मुद्दा आहे.

लाभ होतो असे मानणाऱ्यांचा एक युक्तिवाद संयोगस्वरांवर आधारलेला आहे. २५,००० व २७,००० हर्ट्झचे दोन श्राव्यातीत स्वर एकत्र आले तर त्यांच्यातील फरकाचा २,००० हर्ट्झचा स्वर ऐकू येऊ शकतो, असे म्हटले जाते. हेल्महोल्ट्झ यांनी दाखवलेला भेद येथे निर्णायक ठरतो. असा स्वर वाद्यात किंवा सभागृहातील हवेत निर्माण झाला असेल, तर तो मुळातच श्राव्य असल्याने मायक्रोफोनने टिपलेला असतो आणि साध्या ध्वनिमुद्रणातही उपस्थित राहतो. तो ऐकणाऱ्याच्या ध्वनिवर्धकात किंवा ध्वनिक्षेपकात निर्माण झाला, तर ती उपकरणाच्या अरेषीयतेने घातलेली भर, म्हणजे विकृती होय. उरतो तो कानात निर्माण होणारा संयोगस्वर. परंतु त्यासाठी मूळ स्वर अंतर्कर्णात पुरेशा जोराने पोहोचावे लागतात. श्राव्य व श्राव्यातीत घटक वेगवेगळ्या ध्वनिक्षेपकांतून वाजवले असता श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही आणि एकाच ध्वनिक्षेपकातून वाजवले असता काहींना तो जाणवला, असे जपानमध्ये झालेल्या प्रयोगांत आढळले. हा निष्कर्ष उपकरणातील विकृतीकडे निर्देश करतो.

त्सुतोमु ओहाशी व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मात्र श्राव्य संगीतासोबत श्राव्यातीत घटक असल्यास मेंदूच्या क्रियेत बदल दिसतो, असे म्हटले आहे. इतर संशोधकांना या परिणामाची सातत्याने पुष्टी करता आलेली नाही. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत साडेपाचशेहून अधिक अंध चाचण्या घेण्यात आल्या. उच्च प्रतीचे ध्वनिमुद्रण आणि तेच कॉम्पॅक्ट डिस्कच्या मर्यादेत आणलेले ध्वनिमुद्रण यांतील फरक ओळखण्याचे प्रमाण निव्वळ अंदाजाइतकेच, म्हणजे सुमारे निम्मे भरले. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात अचूक उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के आढळले. प्रशिक्षित श्रोत्यांमध्ये ते अधिक होते. हा फरक लहान असला तरी संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय होता. त्याचे कारण श्राव्यातीत ध्वनी हेच आहे की गाळण्या व उपकरणे यांतील अन्य फरक, हे या विश्लेषणातून ठरत नाही.

भारतातील प्रभाव

चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यावर तरुण वयात प्रभाव पाडणाऱ्या मोजक्या ग्रंथांत हेल्महोल्ट्झ यांच्या स्वरविषयक ग्रंथाचा समावेश होता. गजाने वाजणाऱ्या तारेच्या कंपनाचे हेल्महोल्ट्झ यांनी केलेले वर्णन रामन यांनी १९१८ च्या प्रबंधात पुढे नेले. पुढे त्यांनी तबला व मृदंग यांच्या शाईमुळे त्यांचे उपस्वर सुसंवादी मालिकेत कसे येतात, हेही दाखवले.

महाराष्ट्रात कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेची लांबी मोजून हिंदुस्थानी संगीतातील २२ श्रुतींची गुणोत्तरे ठरवण्याचा प्रयत्न केला व १९१० मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यातील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी हे काम पुढे नेले व त्यातून श्रुती हार्मोनियम तयार झाला. १९१६ च्या बडोदा येथील संगीत परिषदेत विष्णू नारायण भातखंडे आदींनी या मांडणीवर आक्षेप घेतले. स्वराचा निर्णय मोजमापाने करावा की प्रत्यक्ष गाणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या कानाने, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी होता.

सन्मान

बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठासमोर हेल्महोल्ट्झ यांचा पुतळा आहे. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे. जर्मनीतील मोठ्या संशोधन केंद्रांचा संघ १९९५ पासून हेल्महोल्ट्झ संघ या नावाने ओळखला जातो. ऊष्मागतिकीतील हेल्महोल्ट्झ मुक्त ऊर्जा, समान चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी हेल्महोल्ट्झ वेटोळी आणि ध्वनिशास्त्रातील हेल्महोल्ट्झ अनुनादक या संज्ञांतून त्यांचे नाव विज्ञानाच्या परिभाषेत रूढ झाले आहे.